‘स्टेनलेस’ म्हणून गळ्यात मारलेली जस्ताची जाळी

गेल्या डिसेंबरात पुण्यात एका मैदानावर भरलेल्या गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनातून आम्ही कोळशावरचा बार्बेक्यू घेतला, ४,८०० रुपयांना. विकणाऱ्याने आम्हाला कसं फसवलं ते बारीकसारीक तपशिलासकट लिहितेय. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण या प्रकारात माझा नवरा एक रात्र तापाने फणफणला होता आणि त्याच जाळीवरचं मुलांच्या पानात पडलं होतं.

“पूर्ण स्टेनलेस, ३०४ ग्रेड आहे ताई, हे बघा,” (३०४ म्हणजे स्वयंपाकाच्या भांड्यांना वापरतात ते चांगल्या प्रतीचं स्टेनलेस) असं म्हणत त्याने खिशातून चुंबक काढलं आणि झाकणाला टेकवलं. चिकटलं नाही, घसरून खाली पडलं. आजूबाजूचे चार-पाच जण माना डोलवत होते. चुंबक चिकटलं नाही की स्टील अस्सल, हे आपण भांड्यांच्या दुकानात लहानपणापासून ऐकत आलोय. त्याने ते जाळीला लावलंच नव्हतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं. पावतीवर ‘बार्बेक्यू सेट, १ नग’ आणि रक्कम, एवढंच. पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही, ग्रेडचा तर उल्लेखही नाही.

३१ तारखेला संध्याकाळी गच्चीवर पेटवला. दही, लिंबू आणि तिखटात मुरवलेलं चिकन आणि पनीर तयार होतं. निखारे लवकर फुलावेत म्हणून नवऱ्याने टेबलफॅन खालच्या झरोक्यावर रोखला. कोळसा लालभडक झाला आणि जाळीवरून पांढरा धूर निघायला लागला. जाळीवर अजून काहीच ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे तो तेला-मसाल्याचा असणं शक्य नव्हतं. मधल्या तारांवर फिकट पिवळी पूड धरलेली दिसली. कुणाच्या हातून हळद सांडली असेल असं वाटून मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी गार जाळी हातात घेतली तर तीच पूड खडूसारखी पांढरी झालेली.

पनीरचा पहिला तुकडा तोंडात घातला आणि पितळेच्या भांड्यात कळकलेल्या ताकाची चव आली. मुलांनी थुंकून टाकलं, बाकीचं आम्ही बाजूला ठेवलं. निखाऱ्यांपाशी सगळा वेळ उभा होता तो नवरा. रात्री दीडच्या सुमाराला त्याला थंडी भरून आली. १०१ ताप, घसा कोरडा, छाती जड, अंग ठणकत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप आला तसा उतरला. डॉक्टरांना आम्ही धुराबद्दल काही सांगितलं नव्हतं, त्यांनी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या.

विक्रेत्याला फोन केला. “पहिल्यांदा मशीनचं तेल जळतं, दोन-तीनदा पेटवा, जाईल. घासायला ब्रश पाठवतो, फुकट.” ब्रश आला, तारांचा. मी मन लावून जाळी घासली आणि ओल्या फडक्याने पुसायला घेतली तर बोटाला काहीतरी टोचलं. केसाएवढी बारीक, दीडेक सेंटिमीटरची तार होती. उजेडात धरून पाहिल्यावर जाळीच्या सांध्यांत आणखी दोन सापडल्या. अशी तार मांसाच्या तुकड्याला चिकटून घशात किंवा आतड्यात रुतते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात २००२ ते २०१४ या काळात अशा इजांमुळे सुमारे १,७०० जण तिथल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत गेले असावेत असा अंदाज काढलाय. मी फडकं फिरवलं नसतं तर काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

भोसरीत माझ्या भावोजींचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. संक्रांतीला ते घरी आले तेव्हा जाळी गॅलरीत होती. “अगं, ही जीआयची जाळी इथे कशाला आणलीस?” मी सगळं सांगितलं. त्यांनी पांढरी पूड नखाने खरवडली आणि त्यांचा चेहराच उतरला. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. वारा घातलेले निखारे एवढे सहज तापतात. मग जस्ताची वाफ हवेत जळून पांढरा धूर होतो. जीआय पाइप वेल्डिंग करणाऱ्या कामगारांना तो धूर छातीत गेला की रात्री असाच थंडी-ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. नंतर आमच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनीही लक्षणं जुळतात म्हणून मान्य केलं. शिवाय दह्या-लिंबाच्या आंबटाने जस्त विरघळतं आणि पोटात गेलं तर उलट्या होतात. पनीरची कळकट चव तिथूनच आली असणार.

जाळीला चुंबक लावलं, चटकन चिकटलं. पण भावोजींनी एक महत्त्वाचं सांगितलं: चुंबकावर निकाल देऊ नये. ४३० ग्रेडचं स्टेनलेस अस्सल असूनही चुंबकाला चिकटतं. स्वस्तातलं २०२ मात्र ३०४ सारखंच चिकटत नाही. त्यांनी तारेवर कानस फिरवली, वरची राखाडी साल निघाली आणि ओल्या फडक्यात ठेवल्यावर सकाळी तिथे तांबूस गंज. झाकणावर त्यांनी वर्कशॉपमधल्या तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकून बॅटरी टेकवली, थेंब लाल झाला. म्हणजे झाकणही ३०४ नव्हतं, स्वस्तातलं २०२ च. ३०४ वर तो असा लाल होत नाही.

तोवर विक्रेत्याचा फोन बंद. प्रदर्शनाचे आयोजक म्हणाले, आम्ही फक्त जागा भाड्याने देतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवायला गेले तर विक्रेत्याचं नाव-पत्ता विचारला, आणि तोच माझ्याकडे नव्हता. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्कही नाही, पण दावा लावायचा कुणावर? कळकळीने सांगते, पक्कं बिल घ्या आणि त्यावर ‘एसएस ३०४’ असं लिहून घ्या. लिहून द्यायला जो का-कू करेल त्याच्याकडून घेऊच नका.

आता भावोजींनी ३०४ च्या सळ्यांची जाळी बनवून दिलीय. ती कोमट असतानाच चिमट्यात अर्धा कांदा धरून घासते, राहिलेलं नारळाच्या काथ्याने, आणि शेवटी ओलं फडकं हमखास फिरवते. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दोन दिवस तशीच ठेवते, कारण वरून विझलेली दिसली तरी आत निखारा जिवंत असतो. थंडी कितीही असो, शेगडी खोलीत किंवा बंद गॅलरीत आणू देत नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळेपर्यंत माणूस आडवा झालेला असतो.

जुनी जाळी भंगारवाल्याला दिली. पण आधी भावोजींकडून कटरने तिचे चार तुकडे करून घेतले. अख्खी दिली असती तर कुणीतरी कणसं भाजायला नेली असती.