टनेल की ट्रान्सपोर्ट? दोन ऑफिसं जोडण्याआधी

आडत लातूरच्या मोंढ्यात, गोदाम जालन्याच्या एमआयडीसीत आणि टॅलीचा सर्व्हर एकच. अशी मांडणी असलेला माणूस राउटरमध्ये आयपीसेक (इंटरनेटवरून जाणारा डेटा कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करण्याची पद्धत) उघडतो आणि टनेल की ट्रान्सपोर्ट या मोडपाशी अडतो. दोन्ही मोडमध्ये एन्क्रिप्शन तेच असतं, त्यामुळे "जास्त पक्कं कोणतं" हा प्रश्नच चुकीचा आहे. बघायचं ते झाकलं काय जातं.

ट्रान्सपोर्टमध्ये पॅकेटचं (डेटाच्या एका तुकड्याचं) मूळ आयपी हेडर, म्हणजे कोणाकडून कोणाकडे हा पत्ता, उघडंच राहतं. आतला डेटा आणि पोर्ट नंबर झाकले जातात, पण कोणतं मशीन कोणाशी बोलतंय ते वाटेत दिसतं. टनेलमध्ये अख्खं पॅकेट हेडरसकट एन्क्रिप्ट होतं आणि वर राउटरचं नवं हेडर चढतं. टॅली 192.168.1.20 वर आहे हे बाहेर कळत नाही. मुळात असले खासगी पत्ते इंटरनेटवर चालतच नाहीत. म्हणजे दोन ऑफिसांची नेटवर्क थेट जोडायची तर टनेलच लागतं. मात्र "आता कोणाला काहीच दिसणार नाही" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दोन टोकांचे पत्ते, वेळ आणि डेटा किती गेला हे दिसतंच.

टनेलची किंमत म्हणजे आयपीव्ही4 मध्ये प्रत्येक पॅकेटमागे 20 बाइट जादा. पॅकेटच्या नेहमीच्या 1500 बाइटच्या मर्यादेत ते किरकोळ आहेत. त्रास वेगळाच होतो: पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणाऱ्या) फायबरवर मर्यादा आधीच 1492, त्यात ईएसपीचा, म्हणजे आयपीसेकच्या एन्क्रिप्ट करणाऱ्या भागाचा, बोजा. पिंग लागतं, लॉगिन होतं आणि मोठा रिपोर्ट मागवला की सगळं गप्प. लोक उगाच इंटरनेटवाल्याला शिव्या घालतात. राउटरमध्ये टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती डेटा भरायचा तो आकडा) 1360 च्या आसपास आणून बघा.

आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनवर नॅट (अनेक मशीन एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणारी सोय) असतं. एएच (आयपीसेकचाच दुसरा भाग, जो एन्क्रिप्ट न करता पॅकेट वाटेत बदललंय का एवढंच बघतो) पत्त्याचीही तपासणी करतं आणि नॅट तोच बदलतं, त्यामुळे एएच बाद. ईएसपी यूडीपी 4500 मधून निघून जातं, पण एकाच नॅटमागून दोन-तीन मशीन ट्रान्सपोर्टने जोडायला गेलात तर गोंधळ ठरलेला. आणि एका टोकाला तरी पब्लिक आयपी घ्याच.

ट्रान्सपोर्ट टाकाऊ नाही. राउटरांमध्ये जीआरई (एन्क्रिप्शन नसलेलं साधं टनेल) चालवून त्यावर ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवण्याची पद्धत) ठेवलं असेल तर जीआरईचं बाहेरचं हेडर आधीच असतं, वर आयपीसेकचं टनेल म्हणजे नुसतं ओझं. दोन सर्व्हरांमधला डेटा ऑफिसच्या तारेवरही झाकायचा असेल तरी ट्रान्सपोर्टच बरा, कारण राउटर ते राउटर टनेल राउटरपाशीच उघडतं.

राउटर नवे असतील तर आयपीसेकऐवजी वायरगार्ड ही नवी पद्धत बघा. 2020 पासून ते लिनक्स कर्नलमध्येच आहे, नेहमी टनेलच करतं आणि मोड विचारतच नाही. जुन्या राउटरवर आयकेव्ही2 (दोन टोकांत किल्ल्या ठरवणारा आयपीसेकचा भाग), ईएसपी आणि टनेल ठेवा.