बोलकं रंगओळख यंत्र: कपाटासाठी घ्या, ज्ञानासाठी नको

कापडावर टेकवून बटण दाबलं की रंगाचं नाव सांगणारं हे मुठीएवढं यंत्र मी कपाटासाठी घेतलं. मी जन्मांध आहे. शर्ट कुठला ते पोतावरून, कॉलरवरून, बटणांवरून कळतं. पण एकाच कापडाचे, एकाच शिवणीचे दोन शर्ट आले की बोटंही हात टेकतात.

यंत्र स्वतःचा प्रकाश कापडावर टाकतं आणि परत आलेल्या उजेडात लाल, हिरवा, निळा किती ते मोजतं. म्हणून ते घट्ट दाबून धरायचं. कडेनं बाहेरचा उजेड शिरला की उत्तर बदलतं. विरळ कापडाची चौपदरी घडी करा, नाहीतर खालच्या टेबलाचा रंगही त्यात मिसळतो. मोज्यांच्या जोड्या लावायला झकास. गडद निळा आणि काळा यांत मात्र घोळ घालतं, आणि मला ते नेमकं त्यासाठीच हवं होतं!

आता खोक्यातल्या पत्रकाबद्दल. त्यात लिहिलंय, 'अंधांना रंगांची ओळख करून देणारं'. ओळख कधीचीच आहे हो. केशरी लाल-पिवळ्याच्या मधला, जांभळा निळ्याच्या शेजारचा, हे माणसांच्या बोलण्यातूनच कळलं. काळा कपडा उन्हात जास्त तापतो, हे पाठ सांगते. धुतलेली चादर पांढरीशुभ्र, घाबरलेला चेहरा पांढराफटक. यंत्राच्या लेखी दोन्ही नुसते 'पांढरा'. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांचा २०२१ चा अभ्यास हेच सांगतो: कुठल्या वस्तूचा रंग कोणता यावर जन्मांधांचं एकमत डोळसांपेक्षा कमी दिसलं, पण निसर्गातल्या आणि माणसानं बनवलेल्या वस्तूंचे रंग एकसारखे का असतात किंवा नसतात, याबद्दलचे तर्क दोघांचे जुळले. इंग्रज गणितज्ञ निकोलस सॉन्डरसनला तान्हेपणी देवी आल्या आणि दृष्टी गेली. तोच १७११ साली केंब्रिज विद्यापीठात 'लुकाशियन' या मानाच्या पदावर गणिताचा प्राध्यापक झाला, आणि प्रकाशशास्त्रावरही व्याख्यानं देत असे. त्याच्याकडे कुठलं यंत्र होतं?

पत्रक फेकून द्या, यंत्र ठेवा. कपडे, दोऱ्याची रिळं, फायलींची कव्हरं यांसाठी ते कामाचं आहे. फक्त इअरफोनची सोय नाही, त्यामुळे घरात चार माणसं बसली असली की माझ्या मोज्यांचा रंग सगळ्यांना जाहीर होतो.