जुन्या गाडीचा दम का गेला, हे शोधून देणारे साताऱ्यातील गॅरेज

आमची सँट्रो २००४ सालची, पेट्रोलवर चालणारी आहे. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला तिचा दम तुटू लागला आणि गाडी थांबवल्यावर खालून करपल्यासारखा उग्र वास येऊ लागला. पुढच्या सीटखालचा पत्रा हात ठेवता येणार नाही इतका तापत असे. एका गॅरेजने प्लग, एअर फिल्टर व पेट्रोल फिल्टर बदलून दिले आणि फरक न पडल्यावर क्लचप्लेट टाकण्याचा सल्ला दिला. तो मानण्यापूर्वी गाडी साताऱ्याच्या एमआयडीसीतील एका लहान गॅरेजात दाखवली. हा अभिप्राय त्या गॅरेजविषयी आहे.

तेथील मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला, "काका, चढाला इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी पळत नाही, की आवाजच चढत नाही?" आवाजच चढत नव्हता. क्लच घसरत असेल तर इंजिन फिरते पण चाकांपर्यंत जोर पोहोचत नाही. येथे इंजिनच अडकत होते, म्हणजे क्लचप्लेटचा खर्च वाया गेला असता.

त्यानंतर त्यांनी इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना, तिथली ओढ (व्हॅक्यूम) मोजणारा गेज लावला. आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, काटा पाऱ्याच्या १८ इंचांच्या आसपास स्थिर होता. इंजिन अडीच हजार आरपीएमवर धरून ठेवल्यावर मात्र तो हळूहळू उतरत १० पर्यंत आला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंना वाट नसेल तर नवी हवा आत येऊ शकत नाही, असा त्याचा अर्थ. तरीही केवळ एका तपासणीवर न थांबता त्यांनी कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातील विषारी वायू कमी करणारा, धुराच्या नळीत बसवलेला डबा) अलीकडचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज बसवला. अडीच हजार आरपीएमवर हा दाब तीन पीएसआयच्या (दाबाचे एकक) आत असावा लागतो. आमच्या गाडीत तो सातच्या वर गेला. कन्व्हर्टरपासून पुढची धुराची वाट तुंबली होती, यात शंका उरली नाही, आणि संशय कन्व्हर्टरवरच होता.

या गॅरेजचे खरे मोल मला पुढच्या टप्प्यात जाणवले. कन्व्हर्टर आपणहून जळत नाही, असे म्हणून मिस्त्रींनी शटर अर्धे ओढले, चालू इंजिनाच्या प्लगवायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि तिसऱ्या सिलिंडरच्या वायरीवर निळसर ठिणगी उडताना मला दाखवली. वायरीचे आवरण तडकल्यामुळे त्या सिलिंडरमधले पेट्रोल अधूनमधून न जळताच बाहेर जात होते आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत होते. त्या उष्णतेने आतली चिनी मातीची जाळी, जी एरवी मधाच्या पोळ्यासारखी असते, वितळून तिचा काचेसारखा गोळा झाला होता. कन्व्हर्टर उतरवल्यावर तो डोळ्यांनी पाहता आला. वायर न बदलता नुसता नवा कन्व्हर्टर बसवला असता तर तोही तसाच गेला असता. कासच्या रस्त्याकडेला वाळलेल्या गवतावर अशी तापलेली गाडी उभी केल्यास आग लागू शकते, म्हणून करपट वासाकडे कोणीही दुर्लक्ष करू नये.

जाळी फोडून नळी मोकळी करून देण्याचा स्वस्त मार्ग अनेक ठिकाणी सुचवला जातो. येथे त्याला स्पष्ट नकार मिळाला, आणि तो योग्यच आहे, कारण त्यामुळे धुरातील विषारी वायू तसेच बाहेर पडतात व पीयूसीतही अडचण येते. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या धातूंमुळे कंपनीचा सुटा भाग महाग पडतो. आम्ही बाहेरचा बसवला. तपासणीचे ८०० रुपये त्यांनी वेगळे आकारले आणि मला ते मुळीच जास्त वाटले नाहीत. काढलेले सर्व भाग परत दाखवले गेले.

उणिवा आहेत. अंदाजपत्रक तोंडी मिळते, ते कागदावर मागून घ्यावे. बाहेरच्या कन्व्हर्टरची वॉरंटीही बिलावर लिहून घ्यावी. बसायला जागा नाही आणि काम एकहाती असल्याने वेळ लागतो. दुरुस्तीनंतर मिस्त्री स्वतः मला सोबत घेऊन यवतेश्वरच्या घाटात गेले. गाडी तिसऱ्या गियरवर चढली, आणि वर पोहोचल्यावर त्यांनी खाली वाकून कन्व्हर्टरच्या दोन्ही टोकांचे तापमान मोजून मगच किल्ली माझ्या हाती दिली.