मुलासाठी घेतलेली गरी: आठ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लेकाने हट्ट धरला म्हणून पणजीतल्या एका दुकानातून मासे पकडायचा रॉड-रीलचा सेट आणला. सात फुटी, दोन तुकड्यांत निघणारा फायबरचा रॉड, ३००० नंबरचं रील, त्यावर तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळलेलीच, सोबत वजनाला शिसं, तरंगायला बुचं आणि गळांची डबी. १,९०० रुपये. लेक बरोबर तीन रविवार आला. मग सेट दाराआड उभा, आणि केर काढताना मी तो रोज इकडून तिकडे ठेवतेय. चौथ्या रविवारी मीच घेऊन निघाले. तेव्हापासून तो माझा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच साच्यातले सेट चार-पाच नावांनी शेजारी शेजारी टांगलेले असतात.

मी कराडची. मासा ताटात यायच्या आधी कधी पाहिलेला नव्हता. रायबंदरला येऊन तीन वर्षं झाली, तेव्हा 'गरवणं', म्हणजे गळाने मासे पकडणं, हा शब्द कानावरून जायला लागला. गरी म्हणजे गळ. घरापासून चालत दहा मिनिटांवर पणजी-रायबंदरचा जुना बांध आहे, पोर्तुगिजांनी १६३०च्या दशकात घातलेला, जवळजवळ सव्वातीन किलोमीटर लांब. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं. संध्याकाळी कठड्याशी माणसं गरी टाकून उभी असतात. रस्ता अरुंद, गाड्या अंगाला घासून जातात. पहिल्याच दिवशी मागे न बघता रॉड फिरवला आणि गळ एका स्कूटरवाल्याच्या पिशवीत अडकला. पिशवीत भाजी होती, शिव्या कोंकणीत होत्या. आता मी बांध संपतो तिथे, रस्त्यापासून बाजूला, दगडांवर बसते.

पहिले दोन महिने मी नुसती दुसऱ्यांच्या हौसेने मासेमारी केली. व्हिडिओत बघावं तर चोणक (अलिबागकडे ज्याला जिताडा म्हणतात तोच). बांधावर ऐकावं तर तामसो, हाही मोठा, तांबूस मासा. दुकानदार म्हणाला, ब्रेडेड म्हणजे विणलेला दोरा घ्या, पॉपर म्हणजे खोटे मासे घ्या. घेतलं. रंगीत प्लॅस्टिकचे सहा मासे, बाराशे रुपये. त्यातले चार पाण्याखालच्या दगडांवर राहिले. त्या दगडांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी, दोरा नुसता टेकला तरी तुटतो. दोन तास फेक, ओढ, फेक, ओढ. घरी आल्यावर खांदा दुखायचा आणि चिडचिड व्हायची ती वेगळीच.

त्यात एक कोडं होतं. दर रविवारी पाचला जायचे. एका रविवारी दोन-चार तरी टोचे लागायचे, पुढच्या रविवारी शुकशुकाट. मला वाटायचं, आमिष वाईट. शेजारी एक काका असतात, त्यांच्याकडे रॉडबिड नाही, रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस. ते एकदा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाये, सुकती लागल्या, आतां कितें मेळटलें?" सुकती म्हणजे ओहोटी. मग घरी कॅलेंडर काढलं. भरतीची वेळ दिवसाला साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. एका रविवारी पाचला पाणी भरलेलं असेल, तर पुढच्या रविवारी बरोबर उलटं. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा. शिवाय अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाण्याला ओढ कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला माझं हलकं शिसं तळाशी टिकतच नाही, बूच वाहत जातं.

म्हणून आता माझा नेम ठरलाय. दोन्ही अष्टम्यांच्या आगेमागे दोन-तीन संध्याकाळी, साडेचार ते सात. पॉपर खोक्यात. दहा नंबरचा बारीक गळ, बूच, आणि कणकेच्या गोळ्या, नाहीतर कोळंबीचे तुकडे. काळुंदरं लागतात, खाडीतले छोटे चपटे मासे, कधी एक, कधी चार. तळहाताएवढी, रवा लावून तळली की घरी पुरतात. शेवटो हा गोव्याचा राज्यमासा, समोर पाण्यातून उड्या मारतो, पण माझ्या गळाला आजवर आलेला नाही. शेवाळ-चिखल खाणाऱ्या माशाला गळाचं काय कौतुक! आमिषाची बरीच कोळंबी कुर्ल्या (खेकडे) खातात. त्याचंही आता काही वाटत नाही. "चोणक लागला काय?" असं कुणी विचारलं की मी "ना" म्हणते आणि बुचाकडे बघते.

आता सेटबद्दल. रॉडची दांडी उत्तम, तक्रार नाही. सोबतची तंगूस टाकाऊ; वेटोळी धरते, रीलमधून कंगव्यातल्या गुंतवळासारखी बाहेर पडते. पहिल्याच दिवशी बदला. तिसऱ्या महिन्यात रॉडच्या टोकाला दोरा ज्यातून जातो त्या कडीतली पांढरी चकती निखळली. मला कळलंच नाही, दोरा का झिजतोय म्हणून कापसाचा बोळा कडीतून फिरवला, तेव्हा तंतू अडकले. दोरा सोडताना रीलची तार ज्या स्प्रिंगवर उघडते-मिटते, ती मार्चमध्ये गंजून तुटली. यात निम्मी चूक माझी, खाऱ्या पाण्यातून आल्यावर मी रील नुसतं पुसत होते. आता ड्रॅग (दोऱ्याला ताण देणारा रीलचा ब्रेक) घट्ट करून नळाच्या हलक्या धारेखाली धरते, मग ड्रॅग सैल करून वाळवते. दुकानदाराने स्प्रिंग मिळणार नाही, नवं रील घ्या म्हणून सांगितलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकाने दहा मिनिटांत बसवून दिली.

गळांच्या डबीबरोबर एक पक्कड असती तर बरं झालं असतं. फेब्रुवारीत शिंगाळा (विषारी काट्यांचा, मिशांचा मासा) लागला, हाताने सोडवायला गेले आणि काटा अंगठ्यात. कोपरापर्यंत कळ. काकांनी समोरच्या चहाच्या गाड्यावर नेऊन सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायला लावला. त्या विषाचा जोर उष्णतेने कमी होतो. डॉक्टरांकडे गेलेच, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. कुणी कुंभारजुव्याच्या कालव्यात चांगली मासळी आहे म्हणून सांगितलं, तर काठावर उतरू नका. तिथे खऱ्या मगरी आहेत.

सध्या पावसाने पाणी गढूळ आणि गोडं, सेट पुन्हा दाराआड. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी, बाजारात मासळीचे भाव चढलेत, आणि सासूबाई विचारतात, "तुझी काळुंदरं कधी?" चोणकासाठी हा सेट घेऊ नका, रीलचा ड्रॅग तेवढा नाही. काळुंदरासाठी घ्या. दुकानातच तार दहा वेळा उघडमीट करून बघा, आणि टोकाच्या कडीत बोट फिरवा.