ग्रुप पॉलिसीचं सेंट्रल स्टोअर : अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

आमची मुख्य कचेरी फोंड्याला, शाखा म्हापसा, डिचोली आणि मडगावला. सगळीकडचे विंडोज संगणक माझ्याकडे. त्यांची सेटिंगं एका जागेवरून ठरवायची सोय म्हणजे ग्रुप पॉलिसी, आणि तिच्यात कोणती सेटिंगं दिसावीत हे सांगणाऱ्या फाइली म्हणजे टेम्प्लेटं. टेम्प्लेटांसाठी सेंट्रल स्टोअर, म्हणजे सगळ्यांसाठी एकच सामाईक फोल्डर, ठेवावं की नको, हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला जातो. माझं मत पक्कं आहे : ठेवावंच. फक्त त्यात नवं काही टाकण्याआधी जुनं काय पडलंय ते तपासा.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. विंडोज विस्टापासून टेम्प्लेटांच्या जुन्या एडीएम फाइलींच्या जागी एडीएमएक्स आल्या. प्रत्येक एडीएमएक्सला जोडीला एडीएमएल लागते. पहिलीत सेटिंगची व्याख्या असते, दुसरीत स्क्रीनवर दिसणारं नाव आणि माहिती. ग्रुप पॉलिसीचा एडिटर एरवी आपल्याच मशीनवरच्या 'पॉलिसीडेफिनिशन्स' फोल्डरातून वाचतो. सिसवॉल, म्हणजे मुख्य सर्व्हरांमध्ये सामाईक असलेलं फोल्डर, त्यातल्या 'पॉलिसीज'च्या आत त्याच नावाचं फोल्डर केलं की ते झालं सेंट्रल स्टोअर, आणि मग एडिटर स्थानिक फाइलींकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे फोंड्याहून उघडा नाहीतर मडगावहून, दिसतं ते एकच. हा फायदा मोठा आहे.

आता त्रास. आमचं स्टोअर विंडोज 7 च्या काळापासूनचं, आणि त्यावर विंडोज 10 ची टेम्प्लेटं कॉपी झाली. त्यानंतर 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स'वर क्लिक केलं की चौकट यायची : अमुक नेमस्पेस (टेम्प्लेटाची आतली ओळख) स्टोअरमधल्या दुसऱ्या फाइलीने आधीच घेतलेली आहे. खाली फाइलीचं नाव, ओळ, कॉलम. पण ती 'दुसरी फाइल' कोणती, हे मात्र सांगत नाही. मला या साधनातली सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच. आमच्या चौकटीत फाइलीचं नाव होतं 'मायक्रोसॉफ्ट-विंडोज-जिओलोकेशन-डब्ल्यूएलपीएडीएम'. फाइंडस्ट्र या विंडोजच्या मजकूर शोधायच्या आज्ञेने त्या नेमस्पेसचा शोध पूर्ण फोल्डरात घेतला, तेव्हा 'लोकेशनप्रोव्हायडरएडीएम' सापडली. विंडोज 10 च्या 1511 आवृत्तीत तिचंच नाव बदललं होतं. नवी फाइल कॉपी झाली, जुनी तिथेच राहिली. जुनी एडीएमएक्स आणि भाषेच्या फोल्डरातली तिची एडीएमएल, दोन्ही काढल्यावर चौकट बंद झाली. 'विनस्टोअरयूआय' आणि 'विंडोजस्टोअर' यांचीही हीच भानगड.

दुसरा प्रकार म्हणजे 'रिसोर्स सापडला नाही'. एडीएमएक्स एका संचातली आणि एडीएमएल दुसऱ्या संचातली असली की हे होतं. 'सर्चओसीआर'मध्ये 'विन7ओन्ली' हा शब्दसंदर्भ न सापडणं हे त्याचं ठरलेलं उदाहरण. काहीजण एडीएमएल नोटपॅडमध्ये उघडून हरवलेली ओळ हाताने घालतात. मी तसं करत नाही, कारण पुढच्या संचाबरोबर ती ओळ पुसली जाते. एकाच संचातली जोडी एकत्र बदलावी. क्रोमची टेम्प्लेटं घालताना 'गूगल.एडीएमएक्स'ही सोबत हवी, तीही विसरू नका.

जुलैत डिचोलीहून सहकाऱ्याचा फोन आला. "दादा, सगळ्या पॉलिसी उडाल्या वाटतं, नुसत्या चुका येतायत." फोंड्याहून बघितलं तर सगळं व्यवस्थित. तिथला सर्व्हर अजून विंडोज सर्व्हर 2012 वरचा, आणि पावसात वीज अचानक गेल्याने तो धाडकन बंद पडला होता. सिसवॉलची नक्कल सर्व्हरांमध्ये पोचवणाऱ्या डीएफएस रेप्लिकेशनच्या लॉगमध्ये 2213 क्रमांकाची नोंद होती. अशा बंदनंतर त्या आवृत्तीत रेप्लिकेशन थांबतं आणि माणसाने सुरू करेपर्यंत थांबूनच राहतं. 2012 आर2 पासून ते आपोआप सावरतं. त्यामुळे नव्या एडीएमएक्स पोचल्या होत्या, एडीएमएल वाटेतच अडकल्या होत्या. रेप्लिकेशन पुन्हा चालू करायची आज्ञा त्या नोंदीतच लिहिलेली असते. आधी बॅकअप घेतला, मग ती चालवली. यूपीएसची नवी बॅटरीही त्याच आठवड्यात मागवली.

आणि पॉलिसी उडाल्या नव्हत्या. हे मी जीव तोडून सांगतो, कारण घाबरून लोक जीपीओ (पॉलिसीच्या सेटिंगांचा गठ्ठा) पुसून नव्याने बनवायला बसतात. सेटिंगं 'रजिस्ट्री.पोल' फाइलीत असतात. एडीएमएक्स लागते ती एडिटरला आणि रिपोर्टला. कर्मचाऱ्याच्या संगणकाला ती लागतच नाही. टेम्प्लेट गेलं तर रिपोर्टमध्ये ते सेटिंग 'एक्स्ट्रा रजिस्ट्री सेटिंग्ज'खाली दिसतं, पण लागू होत राहतं. शंका असेल तर त्या संगणकावर जीपीरिझल्ट, म्हणजे कोणत्या पॉलिसी लागू झाल्यात ते दाखवणारी आज्ञा, चालवून बघा.

आता नवा संच आला की आधी तारखेच्या नावाचं वेगळं फोल्डर करतो, त्यात पूर्ण संच आणि बाहेरची टेम्प्लेटं जमवतो, मग चालू फोल्डराचं नाव बदलून नवं त्या जागी ठेवतो. जुनं तसंच ठेवतो, परत फिरायला. त्याआधी चाचणी माझ्या एका मशीनवर : तिथे रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) 'इनेबललोकलस्टोअरओव्हरराइड' 1 केलं की एडिटर सेंट्रल स्टोअर सोडून स्थानिक फाइली वाचतो, आणि शाखांना धक्का लागत नाही. विंडोज 11 चा संच सध्या तिथेच चालू आहे.