जुनं ऑस्ट्रेलियन पॉप: ओरिजिनल ४५ की रीइश्यू?

६० च्या दशकातलं ऑस्ट्रेलियन बीट म्युझिक (बीटल्सच्या धर्तीचं गिटार-पॉप) जमवायचंय, पण ओरिजिनल सिंगल्स (म्हणजे ४५, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या रेकॉर्ड) घ्यायचे की रीइश्यू (तीच गाणी नंतर पुन्हा काढलेली), यावर अडलायस ना, मग ऐक. पैशाच्या बाबतीत तुलनाच नाही. द सेंट्स हा ऑस्ट्रेलियन पंक बँड ६० च्या दशकानंतरचा, तरी उदाहरण म्हणून बघ: त्यांचा १९७६ चा पहिला सिंगल बँडने स्वतःच काढला होता, फक्त ५०० कॉपी, त्यामुळे असल्या डिस्कची किंमत कुठे जाते ते तूच समज. रीइश्यूच्या एका सीडीत वीसेक गाणी मिळतात. आवाजाचं मात्र गुंतागुंतीचं आहे. मास्टर टेप (स्टुडिओतली मूळ रेकॉर्डिंगची टेप) सापडली असेल तर रीइश्यू झकास वाजतो, नसेल तर तो जुन्या डिस्कवरूनच उतरवलेला असतो, म्हणजे खरखर तीच. चांगल्या ४५ चा मोनो दणका मला अजूनही जास्त आवडतो, पण त्या काळच्या डिस्क पार्ट्यांमध्ये घासून घासून वाजलेल्या, धड कॉपी शोधण्यातच वर्षं जातात. माहितीसाठी रीइश्यूच, लोक विसरलेले बँड रेव्हन रेकॉर्ड्ससारख्या लेबलांनी (रेकॉर्ड कंपन्यांनी) परत ऐकवले, हे फार मोठं काम आहे.

गाणी ऐकायची, ओळख करून घ्यायची तर रीइश्यू घे. एकाच बँडवर किंवा त्या काळच्या गो!!, क्लॅरियनसारख्या एकाच ऑस्ट्रेलियन लेबलवर जीव जडला असेल आणि धीर असेल तर ओरिजिनल.