दोन जावा आणि साठ लाख कार्डं

लेकाकडे जिनिव्हाला गेले, सोबत थोरल्या जाऊबाई. तळ्याकाठचे फोटो झाले, चॉकलेटं झाली. मग एके दिवशी कॉर्नाव्हँ स्टेशनवरून ८ नंबरची बस धरली आणि आपिया स्टॉपला उतरलो. तिथेच रेड क्रॉस आणि रेड क्रेसंटचं संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं, तेवढं बघून जा.

नैसर्गिक आपत्तींचं दालन आम्ही भरभर उरकलं. खिळलो ते पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांच्या कार्डांपाशी. साठेक लाख कार्डं, पेट्यांत ओळीनं लावलेली! मी एकतीस वर्षं टपालखात्यात सॉर्टिंग केलंय, हात शिवशिवले अगदी. एकीकडे सैन्यांकडून आलेल्या कैद्यांच्या याद्या, दुसरीकडे घरच्यांची चौकशी. दोन्ही जुळलं की घरी उत्तर. हे काम करणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. त्यांच्यातल्या मार्गरित फ्रिक-क्रामर १९१८ साली रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या आणि पुढे युद्धकैद्यांविषयीच्या १९२९ च्या कराराच्या कामातही होत्या.

जाऊबाई मात्र गप्प. बाकावर टेकल्यावर म्हणाल्या, "आमच्या आजीच्या थोरल्या जावेला असं कार्ड आलंच नाही गं." त्यांचं माहेर साताऱ्याकडचं. त्या थोरलीचा नवरा मराठा पलटणीतून आताच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराला गेला. २९ एप्रिल १९१६ ला तिथली फौज तुर्कांना शरण गेली, पुढे कळलं नाही. "आजी वटपौर्णिमेला दोघींचं सूत आणायची. थोरली वडाकडे निघाली तर निघाली, नाहीतर सूत परत फडताळात. कुणी विचारायचं नाही."

आज कायदा बराच पुढे आलाय. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार छावणीत पोचल्यावर आठवड्याच्या आत कैद्याला घरी कार्ड धाडता आलं पाहिजे. या करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलनं, म्हणजे पुरवणी करारानं तर आपल्या माणसाचं काय झालं हे कळण्याचा कुटुंबांचा हक्क लिहूनच ठेवला. त्यात भारत सामील नाही, हे मला खटकतं. युक्रेन युद्धातल्या बेपत्ता माणसांसाठीही २०२२ पासून रेड क्रॉसचा असाच शोध विभाग चालू आहे. म्हणजे वाट बघणाऱ्या बायका काही संपलेल्या नाहीत.

हातात दोन-तीन तास ठेवूनच जा. जुन्या नोंदी इंटरनेटवरही चाळता येतात. जाऊबाईंनी मला चुलत आजोबांचं नाव कागदावर लिहून दिलंय. पलटण १०३ नंबरची की ११७, ते काही त्यांना आठवत नाही.